वाटी वाजली

“वाटी वाजली का गं, मंदा?”

अण्णांनी दारातूनच विचारलं. मी स्क्रूड्रायव्हरची मूठ वाटीवर हलकेच आपटली. टण्ण! आतला गोंद काचेसारखा कडक होऊन कडेनं सुटला होता.

“वाजली, अण्णा.”

“मग काढ पिशवी.”

मी पंप बंद केला, झडप सैल केली. फुस्स करून हवा आत शिरली आणि साच्याला आवळून बसलेली पिशवी ढिली पडली. पॅनल बाहेर काढलं. सागाच्या व्हिनियरचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेलं, कमानीसारखं गोल वळलेलं, आणि वर एक सुरकुती असेल तर शपथ. मी आणि अण्णांनी ते उचलून भिंतीला टेकवलं. पॉलिशच्या टेबलापाशी कैलास मान उंच करून बघत होता.

“आज तरी राहील ना?” तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलंही नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर गेलं तेव्हा पॅनलचं खालचं टोक उकललेलं होतं. वळवलेली कमान सरळ व्हायला बघत होती आणि मधले थर एकमेकांना सोडून चालले होते. मी बोट घातलं तर आत गोंद चिकट. वाटीतला गोंद दगड आणि पॅनलमधला चिकट! ओळीनं तिसरं पॅनल होतं हे.

“मंदा,” अण्णा म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी, तेच मला जास्त लागलं. “मी तुला काही बोलत नाही. पण नाट्यगृहाचं काम आहे, तारीख ठरलेली आहे. आता आणखी एक. तेही सुटलं तर प्रेसवर कैलास उभा राहील आणि तू आपली पट्ट्यांच्या टेबलावर जा.”

कैलासनं मान खाली घातली. पण हसू लपवायला घातली, हे न कळण्याइतकी मी बावळट नव्हते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. सिन्नरला अण्णा लोणाऱ्यांचा लाकूडकामाचा कारखाना होता, कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक लांबलचक शेड. माझे यजमान, निवृत्ती, तिथं प्रेस चालवायचे, म्हणजे गोंद लावलेले थर साच्यावर ठेवून रबरी पिशवीत घालायचे आणि पंपानं हवा ओढून आवळायचे. मी त्याच शेडमध्ये दुसऱ्या टोकाला बसून व्हिनियरच्या पट्ट्या कागदी टेपनं जोडायचे. त्या साली दिवाळीनंतर निवृत्ती मोटारसायकलवरून पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. प्रेसवर कोण, असा प्रश्न आला. मी म्हटलं, मी उभी राहते. इतकी वर्षं समोर बसून बघतेय, पिशवी कशी लावायची, गोंद किती पातळ करायचा, सगळं मला डोळे मिटून येतं. अण्णा म्हणाले, बघू. एवढं “बघू” मिळवायला मला किती तोंड चालवावं लागलं ते मलाच ठाऊक. आणि ते “बघू” गेलं असतं तर निवृत्तीचा पाय बरा होईपर्यंत घर चालवायचं कसं, हाही प्रश्न होताच. पट्ट्यांच्या पैशात तीन माणसं जेवत नाहीत.

घरी सासूबाई तेवढ्या उखडल्या होत्या. आत्याबाई म्हणायचे मी त्यांना. “गड्यांच्या मध्ये उभी राहून पंप चालवणार? लोक काय म्हणतील?” असं त्या म्हणाल्या होत्या आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. पुढं बोलायला लागल्या, पण मनातून गेलं नसणार असं मी धरूनच चालले होते.

तर वाटीचं सांगते. अण्णांचा घड्याळावर विश्वास नव्हता. ते म्हणायचे, जो गोंद वैशाखात जेवणाच्या सुट्टीआधी दगड होतो, तोच पौषात अंधार पडेपर्यंत लाड करून घेतो. म्हणून पॅनलला लावून उरलेला गोंद स्टीलच्या वाटीत घ्यायचा आणि ती वाटी पिशवीवरच ठेवायची. पिशवीतल्या गोंदाला जेवढी थंडी, तेवढीच वाटीतल्या गोंदाला. वाटी वाजली म्हणजे आतलं धरलं. तोवर पंप चालू, पिशवी आवळलेली, कुणी हात लावायचा नाही. निवृत्तींच्या हाताखाली ही वाटी कधी खोटं बोलली नव्हती.

पहिलं पॅनल माझ्या चुकीनं गेलं, ते मी कबूल करते. एका कोपऱ्यात गोंद कमी पडला होता. अण्णांनी मान्य केलं, म्हणाले पहिलंवहिलं आहे. पण कैलासनं सगळ्यांसमोर तोंड उघडलंच.

“बाईच्या हाताला गोंद धरत नाही, अण्णा. मी आधीच म्हटलं होतं.”

नेमक्या त्याच वेळी आत्याबाई माझा डबा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोंद कमी पडल्याचं नाही, आत्याबाईंनी ऐकल्याचं. आता घरी गेल्यावर हेच ऐकायला मिळणार, असं वाटलं.

घरी त्या काही बोलल्या नाहीत. पण त्या संध्याकाळी मी चहा पुढं केला तर त्यांनी हात मागं घेतला.

“नको.”

“का?”

“नको म्हटलं ना!”

आता आत्याबाई आणि चहा म्हणजे काय सांगू! सकाळी डोळे उघडायच्या आधी त्यांना चहा लागायचा. दुपारी चहा, पाहुणा आला की चहा, पाहुणा गेला की चहा. आणि माझ्या हातचा नको? माझ्या डोक्यात तिडीक गेली. नका पिऊ, म्हटलं, माझं काय जातंय. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कपाळाला फडकं बांधून बसल्या. निवृत्ती म्हणाले, “आईचं डोकं दुखतंय.” मी मनात म्हटलं, नाटकं! सून कामावर जाते म्हणून हे सगळं चाललंय.

त्यातून त्यांनी विचारलं, “ती फळी कधी धरायची तुझी?”

पॅनलला त्या फळी म्हणायच्या. आणि ते विचारलंही अशा चिडक्या आवाजात, की कधी एकदा हिची हौस फिटते आणि ही घरी बसते, असंच मला ऐकू आलं. मी भांडी आपटली आणि झोपले.

तर दुसरं पॅनल सुटलं, तिसरंही सुटलं. दोन्ही वेळा गोंद भरपूर, पिशवी कुठंही गळत नाही, पंप नीट, वाटी वाजलेली. मग काय झालं? इतकी थंडी पडली होती की सकाळी पिशवीला हात लावला तर बोटं आखडायची, आणि वाटी मात्र दुपारचं जेवण झाल्या झाल्या वाजायची. कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्या सकाळी अण्णांनी शेवटची ताकीद दिल्यावर मी आदल्या दिवशीची वाटी उचलून खालून बघितली. बुडाच्या कडेला काळं होतं. बोट लावलं, बोटाला आलं. काजळी!

माझ्या डोक्यात झटकन उजेड पडला. वाटी कुणीतरी तापवतंय. तापवली की आतला गोंद लवकर कडक होणार, वाटी वाजणार, मी पिशवी उघडणार आणि पॅनल कच्चं बाहेर येणार. ज्याला कुणाला मी पडायला हवी होते, त्याला याहून सोपा उपाय सापडला नसता. हाताला घाण नाही, नावाला बट्टा नाही.

कैलास! चहाचा स्टोव्ह त्याच्याच टेबलाखाली असायचा.

मी तरातरा गेले आणि स्टोव्ह बाहेर ओढला.

“काय झालं, वहिनी?” कैलास म्हणाला.

“तुझं काय जातं, बघू दे की.”

स्टोव्हवर चार दिवसांची धूळ होती. टाकी हलवून बघितली, ठणठणीत.

“रॉकेल संपून आठवडा झाला,” तो म्हणाला. “मी अण्णांना केव्हाचा सांगतोय. चहा हवाय का? टपरीवरून आणू?”

मी स्टोव्ह परत टेबलाखाली ढकलला. तो माझ्याकडे असा बघत राहिला, की हिचं डोकं फिरलंय का. मला त्याचा रागच आला, कारण या वेळी तो खरं बोलत होता.

मग दुसरं कोण? शेडमध्ये आम्ही तिघंच. अण्णा स्वतःचंच काम बुडवणार नाहीत. बाहेरचं असं रोज येणारं एकच माणूस होतं. माझा डबा घेऊन येणारं.

पाल चुकचुकली ती अशी. थंडी असल्यामुळं आम्ही तिघं जेवायला शेडच्या मागं उन्हात बसायचो. आत्याबाई पूर्वी डबा दारातच ठेवून निघून जायच्या, शेडमध्ये पाऊल टाकायच्या नाहीत. पण पहिलं पॅनल गेल्यापासून त्या म्हणायला लागल्या होत्या, “तुम्ही जेवा. मी बसते आत जरा, पाय भरून आलेत.” आणि आमचं जेवण होईपर्यंत आत एकट्या बसायच्या. मी तेव्हा म्हटलं होतं, बसा. आता एकेक गोष्ट जुळत गेली. चहा नको, तोंड फिरवणं, “कधी धरायची फळी”. बाई गं, म्हटलं, आपल्याच घरात!

त्या दिवशी मी पॅनल घातलं, गोंद दोनदा बघितला, वाटी पिशवीवर ठेवली आणि दुपारची वाट बघत राहिले. दुपारी आत्याबाई आल्या. कपाळाला फडकं होतंच. मी डबा घेतला, मागं जाऊन अण्णांजवळ ठेवला आणि म्हटलं, “मी घरी जाऊन येते, ह्यांच्या गोळीची वेळ झालीय.” आणि बाजूच्या दारानं हळूच आत शिरून प्लायच्या थप्पीमागं उभी राहिले.

 आत्याबाई थोडा वेळ बसून राहिल्या. मग उठल्या. इकडंतिकडं बघितलं. सरळ प्रेसपाशी गेल्या आणि पदरात धरून वाटी उचलली.

सापडली, म्हटलं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाईट नाही वाटलं, बरंच वाटलं. आता अण्णांना हाक मारायची आणि दाखवायचं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बघितलं की त्या स्टोव्हकडे जात नाहीत, कोपऱ्यात जाताहेत.

कोपऱ्यात विश्वकर्म्याची तसबीर होती, काचेच्या दाराच्या छोट्या कपाटात. नाट्यगृहाचं काम मिळाल्यापासून अण्णांनी तिथं पितळी दिवा अखंड ठेवला होता. आत्याबाईंनी दार उघडलं, वाटी दिव्याला चिकटून ठेवली, वारा लागू नये म्हणून दार लावून घेतलं आणि खाली फरशीवर बसून पदर पसरला.

“देवा,” त्या म्हणाल्या, “रोज आणून दाखवते तुला, तरी कसं दिसत नाही रे? पोरगी खाली मान घालून घरी येते, बघवत नाही मला. तो मेला म्हणतो, बाईच्या हाताला गोंद धरत नाही. का धरणार नाही? माझा लेक आडवा पडला तर घर कुणी धरून ठेवलंय? तिनंच ना? मग एवढीशी फळी तिला धरू देत नाहीस? तिची फळी धरेपर्यंत चहाला शिवणार नाही, असं म्हटलंय मी तुला. डोकं फुटायची वेळ आली आता. माझी नाही तर नाही, तिची तरी दया कर.”

मग त्या डोळे मिटून बराच वेळ तशाच हात जोडून बसल्या. डोळ्यांना पाणी कधी लागलं कळलं नाही. मी पुसायला हात उचलला आणि कोपर लागून थप्पीवरची एक प्लाय धाडकन खाली आली.

आत्याबाई दचकून उठल्या. त्यांनी घाईनं कपाट उघडून वाटी ओढली, उघड्या हातानं.

“आई गं!”

वाटी हातातून सुटली आणि फरशीवर पडली. टण्ण! गोंदाची चकती उडून माझ्या पायाशी आली.

मी वाटी उचलली. चटका बसला. तशीच प्रेसपाशी गेले आणि दुसरा हात पिशवीवर ठेवला. पिशवी बर्फासारखी गार. एका हातात चटका आणि दुसऱ्या हाताखाली गारठा. सगळं तिथं माझ्या दोन हातांत होतं. बिचारी म्हातारी रोज माझ्यासाठी देवाला वाटी दाखवायची, दिवा ती भाजून काढायचा, आणि मी कच्ची पिशवी उघडायचे. माझ्यासाठीच चाललं होतं सगळं, आणि त्यानंच मी पडत होते.

आवाजानं अण्णा आणि कैलास आत आले.

“हे काय?” अण्णांनी बघितलं. देवाचं कपाट उघडं, फरशीवर गोंदाची चकती, माझ्या हातात वाटी. “वाटी तिकडं कुणी नेली?”

“मी म्हणत नव्हतो का, अण्णा,” कैलास म्हणाला, “म्हातारी रोज आत—”

“तू गप रे!” मी इतक्या जोरात ओरडले की तो खरंच गप झाला.

आत्याबाई खाली बघत होत्या. भाजलेली बोटं पदरात घट्ट आवळली होती, पण तोंडातून अक्षर नाही. मला कळलं का ते. नवस बोलून दाखवला की फळत नाही, हे त्यांनी मलाच किती वेळा ऐकवलं होतं. त्यांनी आता खरं सांगितलं असतं तर त्यांच्या हिशोबानं माझी फळी कायमची गेली असती. आणि मी सांगितलं असतं तरी तेच.

“मी नेली, अण्णा,” मी म्हटलं.

“तू?”

“हो. देवापुढं ठेवत होते. यश येऊ दे म्हणून. दिव्यानं तापत होती हे माझ्या ध्यानात आलं नाही. म्हणून वाटी आधी वाजायची आणि पॅनल कच्चं निघायचं.”

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आत्याबाईंच्या पदराकडे बघितलं, त्यात आवळलेल्या बोटांकडे बघितलं. त्यांना काय कळायचं ते कळलं असणार. पण माणूस शहाणा.

“बरं,” ते म्हणाले. “जिनं कुणी ठेवली असेल तिनं ऐकावं. देवाला पॅनल दाखवायचं, धरलेलं. वाटी दाखवायची नाही. वाटी पिशवीवरून हलली की ती आपली राहत नाही.” मग मला म्हणाले, “आतलं तसंच राहू दे. आता वाटी नाही, काही नाही. उद्या दिवस वर येईपर्यंत पंप बंद करायचा नाही.”

“एवढ्या थंडीत उद्यापर्यंत तरी धरेल का?” कैलास कुजबुजला.

आत्याबाईंनी तेवढंच ऐकलं. “थंडी वाजतेय का त्याला?” त्यांनी विचारलं.

“हो मावशी,” अण्णा म्हणाले. “गोंदाला ऊब लागते.”

त्या लगबगीनं निघून गेल्या. परत आल्या तेव्हा डोक्यावर दोन गोधड्या होत्या. एक निवृत्तींच्या अंगावरची होती, मी ओळखली. त्यांनी स्वतः त्या पिशवीवर पसरल्या, कडा खोचल्या, लहान पोराला निजवावं तशा. कैलास हसला नाही. उलट त्यानं पुढं होऊन एका बाजूची कड ओढून दिली.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर मी पिशवी उघडली. पॅनल काढून भिंतीला टेकवलं. आणखी एक रात्र कुणी त्याला हात लावला नाही. मी तर तिकडं बघतही नव्हते. घरी आत्याबाईंना चहा विचारला नाही. त्यांनीही मागितला नाही.

तिसऱ्या सकाळी शटर वर गेलं. कमान जशीच्या तशी होती. कैलास सगळ्यात आधी पुढं गेला. त्यानं टोकाला नख घातलं, गेलं नाही. पटाशीचं टोक लावून बघितलं. मग पॅनलला कान लावून बोटांनी ठोकत खालपासून वरपर्यंत गेला आणि सरळ उभा राहिला.

“धरलंय,” तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, पण म्हणाला.

पुढं निवृत्तींचा पाय बरा झाला, पण प्रेस माझ्याकडंच राहिली, ते पट्ट्यांच्या टेबलावर बसले आणि लोकांनी म्हणायचं ते म्हटलं. त्या दिवसाचं मात्र एवढंच सांगायचं राहिलं. मी कैलासला पैसे देऊन रॉकेल आणायला लावलं. स्टोव्ह पुसून पेटवला आणि दुपारी आत्याबाई डबा घेऊन आल्या तेव्हा चहा उकळत होता.

“मावशी,” अण्णा म्हणाले, “पॅनल धरलं बरं का.”

आत्याबाई आत आल्या. पॅनलवरून एकदा हात फिरवला. कोपऱ्यातल्या कपाटापुढं हात जोडले. वळल्या तर मी कप घेऊन उभी.

“घ्या.”

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. “तुला कुणी काही सांगितलं का?”

“कुणी काय सांगायचंय? चहा आहे. घ्या.”

त्यांनी कप घेतला. फुंकर न मारताच एक मोठा घोट घेतला, डोळे मिटले. मग डोळे उघडून तोंड वाकडं केलं.

“बाईच्या हाताला गोंद धरतो,” त्या कैलासला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “पण चहा काही हिला अजून जमत नाही.”